उजव्या हाताचा होकार

"वर्ग आता बंद करूया का गं? किल्ली दे, कुलूप लावून टाकतो."

भरतेशनं हे विचारलं तेव्हा पद्मजा शाळेच्या गणवेशाच्या कापडावर खडूनं रेघ मारत होती. रेघ अर्ध्यात थांबली. बाहेरच्या खोलीत शिवणवर्गाच्या मुली आल्या होत्या, त्यांच्या हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. पद्मजाला 'नाही' म्हणायचं होतं असंही नाही आणि 'होय' म्हणायचं होतं असंही नाही. तिला म्हणायचं होतं, 'जरा थांबा, विचार करू द्या.' शब्द जुळले, ओळीनं उभे राहिले आणि नेहमीसारखे दातांच्या आतच राहिले. दिवस होता. दिवसा तिला बोलता येत नसे.

भरतेशचं बोट सवयीनं त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेलं. पण पट्ट्यावरचं बटण दाबायची वेळच आली नाही. पद्मजाच्या उजव्या हातानं खडू खाली ठेवला, खिडकीशेजारच्या खिळ्यावरून लाल दोऱ्यातली किल्ली उचलली आणि भरतेशच्या तळव्यावर ठेवली.

"बरं झालं," तो म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला. "मला वाटलंच, तूपण दमली असणार."

पद्मजा आपल्या हाताकडे बघत राहिली. तो परत टेबलावर आला होता, खडू उचलून अर्धी राहिलेली रेघ पुरी करत होता. डाव्या हातानं तिनं भरतेशची बाही ओढली, मान हलवली. तो थांबला, तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "संध्याकाळी बोल. आत्ता कशाला जिवाला त्रास करून घेतीस?"

मुलींचा आवाज हळूहळू जिन्यावरून उतरत गेला. कुलूप लागल्याचा आवाज तिला नीट ऐकू आला.

इचलकरंजीत पद्मजा मगदूमचा शिवणवर्ग कितीतरी वर्षं चालू होता. मग एका सकाळी कात्री हातात असतानाच मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली. शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचा गेली म्हणजे शब्द गेले नव्हते. शब्द आत तयार होत, पण त्यांना बाहेर यायला वाट नव्हती, तोंडातूनही नाही आणि लेखणीतूनही नाही. घराचं दार बाहेरून कुणी चिणून टाकावं आणि आत माणूस जागं असावं, तसं ते होतं.

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रानं तिच्या गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढी एक पेटी बसवली. मेंदूवर ठेवलेल्या बारीक तारांमधून इशारे या पेटीत येत. पेटीतला प्रोसेसर ते वाचून ठरवी की बाईला काय म्हणायचं आहे, आणि गळ्यातल्या साखळीला अडकवलेल्या छोट्या स्पीकरमधून ते बोलून दाखवी. आवाजही तिचाच होता. वर्गातल्या मुलींनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींमधून तो घडवला होता. पहिल्यांदा त्या स्पीकरमधून "अहो, गॅस बंद केला का?" असं आलं, तेव्हा भरतेश दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

वर्षभरानं त्याच पेटीत दुसरा प्रोसेसर बसला. हा नवा, दुसऱ्या घडणीचा. त्याचं काम उजवा हात आणि उजवा पाय हलवण्याचं. शस्त्रक्रिया झाली, हात हलला, पाय उचलला. आणि वाचा पुन्हा गेली.

असं का झालं, ते पद्मजाला पहिल्यापासून कळलं होतं, कारण तिला कात्र्या ठाऊक होत्या. तिच्या वर्गात तनुजा नावाची एक डावखुरी मुलगी होती. डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते. दिसायला तशीच आणि नावही कात्रीच, पण तिची पाती उलटी बसवलेली असतात. उजव्या हातानं ती धरली तर कापड कापलं जात नाही, नुसतं दुमडतं. प्रोसेसरचंही तसंच. प्रत्येक घडणीच्या प्रोसेसरची हुकूम समजण्याची स्वतःची बोली असते, आणि एकाच्या बोलीत लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला निव्वळ गोंगाट वाटतो.

आता पेटीत पुष्कळ प्रोग्राम असतात, आणि त्यांतली बरीचशी कामं सारखीच असतात. मेंदूचा इशारा वाचणं हे काम बोलण्यालाही लागतं आणि हात हलवण्यालाही. प्रत्येक प्रोग्रामनं ते काम आपापल्या पोटात बाळगलं तर जागा पुरणार नाही. म्हणून असं सामायिक काम एकदाच लिहून एका फळीवर ठेवतात. ज्याला लागेल त्यानं तिथून घ्यावं. अशा सामायिक कामाला लायब्ररी म्हणतात. पद्मजाच्या पेटीत फळी एकच होती आणि त्या लायब्ररीचं नावही एकच. नव्या प्रोसेसरनं स्वतःच्या बोलीतली लायब्ररी त्या नावानं फळीवर ठेवली आणि जुनी पुसली गेली. डावखुऱ्या मुलीचा डबा उघडावा आणि आत उजवी कात्री निघावी, तशी गत जुन्या प्रोसेसरची झाली.

जुना प्रोसेसर काढून टाकावा म्हटलं, तर वाचेचे प्रोग्राम फक्त त्याच्याच बोलीत होते, आणि ते लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. तेव्हा तात्पुरता उपाय निघाला तो पाळीचा. पेटी एकतर हालचालीवर ठेवायची, नाहीतर वाचेवर. एकातून दुसऱ्यात जायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ना हात, ना जीभ. पद्मजा त्या वेळी छताकडे बघत पडून राही आणि आपण अजून आहोत याची खात्री करायला डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घाशी.

सुरुवातीला सकाळी हालचाल आणि दुपारपासून वाचा असं ठरलं होतं. पण आंघोळ, जेवण, चालणं, कापड बेतणं सगळं हालचालीत. भरतेशची पाठ कारखान्यात उभं राहून आधीच कामातून गेलेली, बायकोला उचलणं त्याला झेपत नव्हतं. मगदुमांच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. जेवण स्वतःच्या हातानं व्हावं म्हणून पाळी आधी चारपर्यंत गेली, मग पाचपर्यंत, मग सूर्यास्तापर्यंत. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. आणि प्रत्येक वेळी भरतेशनं दिवसाच विचारलं होतं.

त्या संध्याकाळी पाळी बदलली, स्पीकरमधून बारीक खरखर झाली आणि पद्मजा म्हणाली, "किल्ली मी दिली नाही."

भरतेश तिच्या पायांवर चादर घालत होता. "म्हणजे?"

"मी दिली नाही. हातानं दिली."

"अगं, हात कुणाचा? तुझाच की! माझ्या डोळ्यांदेखत काढून दिलीस. मी बटणपण दाबलं नाही."

"तेच सांगते. पूर्वी तुम्ही बटण दाबायचात, तेव्हा हात उठायचा. आता तुम्ही नुसतं विचारलंत तरी उठतो. मी आत अजून विचारच करत असते."

हे बटण म्हणजे मदतीचं बटण. पद्मजाचा इशारा कच्चा असला, हात अडखळला, तर सोबतच्या माणसानं ते दाबायचं. मग यंत्र समजायचं की बाईच्या मनात करायचंच होतं, फक्त जोर कमी पडला. आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कच्च्या इशाऱ्यावर ते आपणहून हात हलवायचं. शिकणारं यंत्र असं शिकतं.

"मी कधी वाईटासाठी दाबलं काय?" भरतेश दुखावला. "भाकरी विचारली की तू थांबतीस. म्हटलं, भिडस्त माणूस, लाजतंय. आपल्यात पहिल्या 'नको'ला कोण 'नको' धरतं काय? पाव्हण्याला तीनदा विचारावं लागतं."

"मी पाव्हणी नाही, अहो."

त्यानं चादरीची कड खोचली. मग म्हणाला, "तुला दिवसभर जे लागतं ते मी करतो. तू हिंडतीस फिरतीस, लोक म्हणतात, मगदूम वहिनी पहिल्यासारख्या झाल्या. संध्याकाळी हा स्पीकर सुरू झाला की नुसती माझी उलटतपासणी."

पद्मजाला वाटलं, हा खरं तेच बोलतोय. दिवसाची बायको त्याला आवडते. ती शांत असते, कामसू असते, आणि तिचं सगळ्याला होय असतं.

तेवढ्यात पुण्याहून ऋजुताचा फोन आला. मुलीचा चेहरा पडद्यावर उमटला न उमटला तोच ती म्हणाली, "काय झालंय? अण्णा तोंड फुगवून बसलेत ते दिसतंय मला."

पद्मजानं सगळं सांगितलं. ऋजुतानं मध्ये तोंड घातलं नाही, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "अण्णा, नौशादला फोन करा. दोन फळ्यांचं काहीतरी तो म्हणत होता ना? की तुम्हाला नकोच आहे ते?"

"मला का नको असंल?" भरतेश उसळला. पण उत्तर द्यायला त्याला अंमळ उशीर झाला होता, आणि तो उशीर तिघांनाही ऐकू आला.

नौशाद सतारमेकर हा मिरजेच्या केंद्रातला इंजिनिअर. घराण्यात सतारी घडवायचं काम, आणि हा एकटाच पेट्या उघडत बसणारा. पद्मजाला तो काकू म्हणे. पुढच्याच आठवड्यात मगदूम नवराबायको त्याच्यासमोर बसले होते. नौशादनं पेटी आधीच वाचेवर आणून ठेवली होती.

"काकू, काम सोपं आहे," तो सांगू लागला. "आजवर फळी एक होती आणि भांडण दोघांचं. आता मी प्रत्येक प्रोसेसरच्या नावाची वेगळी फळी केलीय. लायब्ररीचं नाव तेच, पण ह्याची ह्याच्या फळीवर, त्याची त्याच्या. दोघांनाही बजावून ठेवलंय, बाबांनो, आपल्याच फळीवर हात घालायचा. शेजारी डोकावायचं नाही."

"म्हणजे तनुजाच्या कात्रीला वेगळा डबा," पद्मजा म्हणाली.

"कोण तनुजा?"

"पुढं सांग."

"मग बोलणं आणि चालणं दोन्ही एकाच वेळी, दिवसभर. पाळी संपली." नौशाद हसला, पण पुरतं हसला नाही. "एक अडचण आहे. काही गोष्टी कुठल्याच बोलीत नसतात. कात्र्या वेगळ्या, पण अंगाचं माप एकच असतं बघा. छाती किती, बाही किती. ते माप दोन ठिकाणी ठेवलं आणि दोन्हीकडं वेगळं निघालं, तर शर्टाची एक बाही लांब, एक आखूड. म्हणून माप सामायिक कपाटात, आणि एकच. काकू, तुमच्या सवयींचं माप आहे पेटीत. तुमचा होकार कसा असतो, नकार कसा, घुटमळणं कसं. पाळ्या सुरू झाल्यापासून दोन मापं वेगवेगळी वाढलीत. एक संध्याकाळच्या बाईचं आणि एक दिवसाच्या. त्यांतलं एकच ठेवता येईल."

"दोन्ही मिसळून काहीतरी मधलं काढा की," भरतेश म्हणाला.

"होय आणि नाही यांच्या मधलं काय काढू काका?"

त्यानं दोन कप चहा मागवले. एक भरतेशसमोर ठेवला, दुसरा पद्मजासमोर. "काकू, चहा घेणार?"

"नको. आज अष्टमी आहे, माझा उपास. तुला ठाऊक असून विचारतोस?"

"ठाऊक आहे म्हणूनच विचारलं. आता पेटी हालचालीवर घेतो. अर्धा तास बसावं लागेल."

अर्धा तास भरतेश खिडकीशी उभा राहिला. पद्मजा समोरच्या चहावर हळूहळू साय धरताना बघत होती. मग नौशादनं मान हलवली आणि तेच शब्द, त्याच स्वरात पुन्हा उच्चारले. "काकू, चहा घेणार?"

भरतेशचे दोन्ही हात खिडकीच्या गजांवर होते. पट्ट्याजवळ कुणी गेलं नव्हतं. पद्मजाचा उजवा हात उठला, कपाचा कान धरला आणि कप तिच्या ओठांपाशी आणला. तिनं ओठ घट्ट मिटले. कप टेकलेलाच राहिला, गार चहा हनुवटीवरून ओघळून साडीवर सांडला, आणि हात कप आणखी तिरका करत गेला. तिनं मान फिरवली तेव्हा कप तिच्या गालावर आला.

"अरे धरा कुणीतरी!" भरतेश धावला. त्यानं दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि कप काढून घेतला. मग तिथेच खाली बसला. लग्न झाल्यापासून पद्मजाची अष्टमी कधी मोडलेली त्यानं पाहिली नव्हती. तापातही नाही, बाळंतपणातही नाही.

"हे मी शिकवलं त्याला," तो पुटपुटला.

नौशादनं चहा पुसला. "आता नीट ऐका. दिवसाचं माप ठेवलं तर काकू आजच्यासारख्या चालतील, हात चालेल, वर बोलतीलही. पण बोलणंही ह्याच मापानं होईल. घुटमळल्या की स्पीकर 'होय' म्हणून मोकळा. संध्याकाळचं माप ठेवलं तर वाचा जशीच्या तशी त्यांची. पण त्या मापाला हातपायाची ओळखच नाही. हात तान्ह्या बाळाचा, पाय तान्ह्या बाळाचे. पुन्हा चाकांची खुर्ची, पुन्हा पहिल्यापासून. परत चालता येईल, पण कधी आणि कितपत ते मी सांगू शकत नाही."

"दोन्ही जपून ठेव की, नाही जमलं तर बदलू."

"काका, बदलत राहिलो तर ती पुन्हा पाळीच झाली."

घरी आल्यावर त्या संध्याकाळी भरतेशनं काही विचारलं नाही. विचारायची त्याला आता भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं पद्मजाच म्हणाली, "तुमच्या पाठीचं काय?"

"पाठीचं बघू."

"खरं सांगा."

"खरं सांगू? मला भ्या वाटतं. पहिलं वर्ष आठवतं. तुला उचलताना एकदा तू माझ्या हातून सुटलीस, आठवतंय? मी कुणाला बोललो नाही, पण त्या दिवसापासून मला वाटायचं, कशीही चालू दे हिला, बोलली नाही तरी चालंल." तो थांबला. "आता बोलून बसलो."

पद्मजाला राग यायला हवा होता. तिला त्याची कीवही आली आणि स्वतःचीही. खुर्चीतलं ते वर्ष तिलाही आठवत होतं. पाठीला झालेली जखम, न्हाणीघराच्या दाराशी अडकणारी चाकं, शेजारणींचं दबक्या आवाजातलं बोलणं. चिणलेल्या घराला दोन खिडक्या पडल्या होत्या, आणि आता एक बुजवा म्हणत होते.

"काय ठरवलंस?" त्यानं अखेर विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. तिचं खरोखरच ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नौशादनं बोलावलं होतं, पण तिथं तिला सांगता येणार नव्हतं. पेटीतली मांडामांड जुना प्रोसेसर बंद असतानाच करावी लागते, म्हणजे पेटी हालचालीवर. हे दोघांनाही मिरजेला पोचल्यावर कळलं, आणि तोवर सकाळ झाली होती, पेटी सवयीनं हालचालीवर गेली होती.

"मग ती बोलणार कशी?" पुण्याहून थेट आलेली ऋजुता नौशादवर डाफरली. "काल का नाही सांगितलंस?"

"चुकलं ताई. मला वाटलं, ठरवूनच येतील." नौशादनं कपाळाला हात लावला. "काकू, उजव्या हाताचं उत्तर मी धरणार नाही. तो कशालाही होय म्हणतो. डावा हात तुमचा स्वतःचा आहे. विचारीन त्यावर डाव्या हातानं खूण करा. वाटलं तर पेटी वाचेवर घेऊन विचारतो, पण त्या अदलाबदलीत आजची वेळ जाईल, उद्या परत यावं लागेल."

पद्मजानं मान हलवली. परत जायचं नव्हतं. आणखी एक दिवस, आणखी एक रात्र तिला हे आत वागवायचं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही विचारा," ऋजुता म्हणाली. "घरी तुम्हीच विचारता ना सगळं?"

टोमणा होता, पण भरतेशनं तो गिळला. तो बायकोसमोर येऊन बसला. त्याला दोनपैकी काहीतरी आधी उच्चारायलाच हवं होतं, आणि त्यानं जे उच्चारलं ते त्याच्या मनातलं होतं. "पद्मा, दिवसाचं माप ठेवूया? चालत राहशील. कापड बेतशील. हे ठेवूया ना?"

शेवटचं 'ना' त्याच्या तोंडून सुटलं आणि उजवा हात निघाला. संथपणे, आज्ञाधारकपणे तो टेबलावरून पुढे सरकला, किल्ली देताना जसा गेला होता तसाच. पद्मजा आतून त्याच्याकडे बघत होती. हा हात चालणार होता, बेतणार होता, भरतेशची पाठ वाचवणार होता. आणि एक दिवस ऋजुता विचारील, अमुक करूया का आई, आणि गळ्यातला स्पीकर तिच्याच आवाजात होय म्हणेल, ती आत विचार करत असताना. तेव्हा संध्याकाळही उरणार नाही.

डावा हात उठला आणि त्यानं उजव्याचं मनगट धरलं.

उजवा थांबला नाही. डाव्यानं त्याला टेबलावर दाबलं. उजव्याची बोटं उघडमीट होत राहिली. पद्मजा अर्धवट उठून आपल्याच हातावर आपला सगळा भार टाकून उभी राहिली. ऋजुता मदतीला पुढे झाली, तर भरतेशनंच तिला अडवलं.

"थांब. तिला करू दे."

मग त्यानं मनगटावरचा पट्टा सोडला आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवला. "कळलं," तो म्हणाला. "संध्याकाळचं माप. होय ना?" आणि लगेच स्वतःच सावरून म्हणाला, "नाही. मी नुसतं विचारतो. तू तुझ्या सवडीनं सांग."

पद्मजानं दम घेतला. उजव्याची बोटं निवळेपर्यंत डावा हात तिनं काढला नाही. मग मान वर केली, भरतेशच्या डोळ्यांत बघितलं आणि डाव्या हाताचं एक बोट उचलून आपल्या गळ्यातल्या स्पीकरवर ठेवलं.

"झालं," नौशाद म्हणाला आणि पेटीकडे वळला.

काही दिवसांनी क्षमावणी आली. पर्युषण संपल्यावर जैनांच्या घरोघरी लोक एकमेकांपुढे हात जोडतात आणि वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. भरतेश खुर्चीसमोर उभा राहिला. त्यानं हात जोडले आणि "उत्तम क्षमा" एवढंच म्हणाला. पुढचं त्याला बोलवेना.

पद्मजाचा उजवा हात मांडीवर ओल्या कापडासारखा पडला होता. तिनं तो डाव्या हातानं उचलला, डाव्या तळव्याशी जुळवून धरला. "उत्तम क्षमा," ती म्हणाली. भर दुपार होती, आणि हात जुळलेले असतानाच आवाज आला होता. "क्षमा आहे. पण आधी किल्ली आणा."

वर्ग पुन्हा उघडला. पद्मजा खुर्चीत बसून सांगे आणि मुली कापत. तिच्या तोंडाचा पट्टा पूर्वीपेक्षा वाढलाय, अशी तनुजाची तक्रार होती. "मॅडम, आधी तुम्ही हातानं दाखवायचात, तेव्हा बोलणी कमी खायला लागायची." पद्मजाला उचलायला भरतेशनं एक यंत्राचा पाळणा छताला लावून घेतला होता. तो अडला की भरतेश त्याला शिव्या घाली आणि पद्मजा वरून सूचना देई. उजवा हात मुठी वळायला शिकला, मग मुठी सोडायला. एकदा त्यानं भरलेली वाटी खाली पाडली. ती वाटी तिला पाडायचीच होती की नाही, यावर ऋजुता आणि भरतेश फोनवर बराच वेळ वाद घालत बसले.

थंडी सुरू झाली, दिवस आखूड झाले. एका संध्याकाळी ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं असताना दोघं जेवायला बसले. पद्मजा डाव्या हातानं जेवत होती. भरतेशनं पातेल्यातली आमटी पळीत घेतली आणि सवयीनं तिच्या ताटावर पळी धरली. "थोडी घे की. आज चांगली झालीय. घे घे."

पद्मजा घुटमळली. आमटी खरंच चांगली झाली होती.

पळी ताटावर तशीच थांबली. भरतेश वाट बघत होता. पळीच्या कडेवर आमटीचा थेंब जमत होता.

तिच्या मांडीवरचा उजवा हात हलला. तो उचलला गेला, वाटेत ताटाच्या काठाला अडखळला, कोशिंबिरीत बोटं बुडाली. तरीही तो पुढे आला आणि थरथरत, वाकडातिकडा, ताटावर आडवा पसरला.

"नको," पद्मजा म्हणाली. "पोट भरलं."

भरतेशनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पळी त्यानं पातेल्यात परत ठेवली, आणि तिच्या बोटांना लागलेली कोशिंबीर पुसायला पंचा पुढे केला. तो तिनं त्याच हातानं घ्यायला बघितलं. पंचा खाली पडला. दोघांनीही तो लगेच उचलला नाही.